एकवीस जखमांची नोंद

रेल्वेच्या फलाटावर आपले सामान डोईवर घेऊन चालणाऱ्या हमालाच्या चेहऱ्याकडे आपण क्वचितच पाहतो. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी स्टेशनावर पहिल्या महायुद्धापूर्वी असाच एक लाल टोपीवाला हमाल होता. नाव हेन्री जॉन्सन, वर्ण काळा, उंची जेमतेम पाच फूट चार इंच.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली आणि जॉन्सन न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाला. त्या काळी अमेरिकेत गोऱ्या व काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्यावर या शिपायांच्या हाती प्रथम आली ती फावडी! पुढे ही ३६९ वी पलटण फ्रेंच सेनापतींच्या स्वाधीन करण्यात आली. फ्रेंचांना लढणारी माणसे हवी होती. त्यांनी या शिपायांना बंदुका दिल्या व खंदकांत उभे केले.

१५ मे १९१८ च्या उत्तररात्री आर्गोनच्या अरण्यालगत जॉन्सन आणि त्याचा सोबती नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. अंधारात तारांचे कुंपण कापल्याचा आवाज झाला. शत्रूची टोळी बाराहून कमी नव्हती. बाँबच्या स्फोटाने रॉबर्ट्स जायबंदी झाला. तरीही पडल्यापडल्या तो जॉन्सनच्या हाती हातबाँब देत राहिला. तेही संपले. जॉन्सनने बंदूक उचलली, पण घाईत फ्रेंच बंदुकीत अमेरिकन काडतुसे भरली गेली आणि ती अडकून बसली. मग त्याने तिचा दस्ता सोट्यासारखा चालविला. तोही मोडला. एवढ्यात शत्रू रॉबर्ट्सला उचलून नेत असल्याचे त्याला दिसले. कमरेचा कोयत्यासारखा जड सुरा उपसून तो त्यांच्यावर धावला आणि मित्राला सोडवून आणले. हल्लेखोर माघारी फिरले, तेव्हा त्याच्या अंगावर एकवीस जखमा होत्या.

फ्रान्सने त्याला ‘क्रॉ द गेर’ हे शौर्यपदक दिले. १७ फेब्रुवारी १९१९ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून विजयी पलटणीची मिरवणूक निघाली, तेव्हा जॉन्सन उघड्या मोटारीतून लोकांचे अभिवादन स्वीकारीत होता. मात्र त्याला सैन्यातून निरोप देताना जो कागद हाती दिला, त्यात या जखमांचा उल्लेखच नव्हता. अधू पायाने पुन्हा सामानाचे ओझे उचलणे त्याला झेपेना. जुलै १९२९ मध्ये तो वारला. तो कोठे पुरला गेला, हेही लोक विसरले; आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याची कबर आहे, हे या शतकाच्या प्रारंभी उजेडात आले.

जखमी सैनिकांचे ‘पर्पल हार्ट’ पदक त्याच्या नावे १९९६ साली लागले. सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २ जून २०१५ रोजी, म्हणजे त्या रात्रीनंतर सत्त्याण्णव वर्षांनी, प्रदान केले. जॉन्सनच्या वतीने ते स्वीकारले न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधील एका सैनिकाने.