आधी चौकट, मग चित्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गास बैल काढावयास सांगितला, म्हणजे एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. पुष्कळ मुले शिंगांपासून आरंभ करतात. रंगविलेली शिंगे, टोकांना गोंडे, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ, हे सारे त्यांनी आदल्या दिवशीच जवळून पाहिलेले असते. त्यामुळे हात मोकळा चालतो आणि डोके उत्तम उतरते. पुढे वशिंड येते, पाठ येते, आणि तेथेच कागद संपतो. मग मागचे पाय पोटाखाली ओढले जातात, किंवा बैल अर्धाच राहतो. शेजारच्या मुलाचा बैल याच्या उलट असतो. तो कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मुंगळ्याएवढा बसलेला, आणि वर सारा कागद कोरा. या दोघांस बैल ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. तो त्यांच्या गोठ्यात दावणीला बांधलेला असतो. त्यांना ठाऊक नसतो तो कागद.

अशा चित्रावर ‘प्रमाण चुकले’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण या शेऱ्याने मुलास एवढेच कळते, की आपल्याला चित्र येत नाही. दुसरा कागद मागण्याचा त्याला धीर होत नाही, आणि बहुतेक शाळांत तो सहजासहजी देता येण्यासारखाही नसतो. पुढच्या तासाला ते मूल चित्र काढण्याऐवजी शेजाऱ्याचे चित्र उतरवून घेते. चूक वास्तविक बैलाच्या अंगाची नव्हती. कामाला लागण्यापूर्वी जागेचा अंदाज घ्यावयाचा असतो, हे त्या मुलास कोणी दाखविले नव्हते. तो अंदाज शिकविण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे कागदाच्या चारी बाजूंनी आखलेली चौकट होय.

पाटीला लाकडी चौकट असते. पाटीवर चित्र काढताना चारी बाजू सतत डोळ्यांपुढे राहतात, आणि चुकले तर पुसताही येते. कागदाची कड मात्र मुलाच्या नजरेत भरत नाही. खालची फरशी किंवा दप्तर आणि कागद त्याला एकच वाटतात. छापील पुस्तकात ज्या कोऱ्या पट्टीस आपण समास म्हणतो, तशी पट्टी चारी बाजूंस सोडून रेघ ओढली, की कागदाला पाटीसारखी कड मिळते.

यासाठी प्रत्येक मुलाजवळ मोजपट्टी असलीच पाहिजे असे नाही. सुतार फळीच्या कडेला बोट टेकवून पेन्सिलीने सरळ रेघ ओढतो. तीच रीत येथे चालते. पेन्सिल नेहमीप्रमाणे धरावी, करंगळीचे नख कागदाच्या कडेला टेकवावे, आणि बोटांतील अंतर न बदलता हात खाली आणावा. दोन-तीन वेळा केल्यावर तिसरीचे मूलही हे सफाईने करते. मोजपट्टी असल्यास नेहमीच्या ए-४ आकाराच्या, म्हणजे २१ × २९.७ सेंटिमीटरच्या कागदावर तीन बाजूंस २ सेंटिमीटर व खाली अडीच सेंटिमीटर जागा सोडावी. वर आणि खाली सारखीच जागा सोडली, तर चित्र खाली सरकल्यासारखे दिसते, म्हणून हा अर्धा सेंटिमीटर अधिक. कागद आडवा धरल्यास आत २५.७ सेंटिमीटर रुंद व १६.५ सेंटिमीटर उंच अशी जागा उरते. हे गणित मुलांनाच करू द्यावे.

चौकट आखून झाली म्हणजे लगेच शिंगांकडे वळू देऊ नये. कागदाची एक बारीक पट्टी बाजूएवढी कापून मध्ये दुमडावी आणि चारी बाजूंच्या मध्यावर बारीक खूण करावी. या चार खुणा हेच चित्राचे खरे आधार आहेत. आता मुलांस विचारावे: बैलाचे खूर चौकटीच्या खालच्या रेघेपासून किती वर? शिंगांचे टोक वरच्या रेघेपासून किती खाली? तोंडाकडे जागा जास्त हवी की शेपटाकडे? बैल ज्या दिशेस पाहतो त्या दिशेस थोडी अधिक जागा सोडावी, हे मुले बहुधा आपण होऊन सांगतात. नाही तर तो भिंतीला टेकल्यासारखा दिसतो. ही उत्तरे मिळाल्यावर, जेवढ्या जागेत सबंध बैल मावावयाचा, तेवढा एक फिकट आयत चौकटीच्या आत काढावा. त्यात धड कोठे, मान कोठे, पाय कोठे याच्या खुणा कराव्या. बाशिंग आणि घुंगुरमाळ सर्वांत शेवटी. मुलांचा ओढा नेमका याच्या उलट असतो, म्हणून येथे शिक्षकाने थोडा धीर धरावा लागतो.

विषयाप्रमाणे चौकटीचा आकारही बदलावा. ताडाच्या झाडास उभी चौकट हवी, बैलगाडीस आडवी. हे ठरविण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात एक आयताकृती खिडकी कापावी व मुलांनी एक डोळा मिटून तिच्यातून शाळेसमोरील पार, विहीर किंवा देऊळ पाहावे. खिडकी उभी-आडवी करून, डोळ्यांच्या जवळ-दूर नेऊन काय आत येते व काय बाहेर राहते, हे पाहण्यात अर्धा तास जातो. पण तो वाया जात नाही. काय काढावयाचे नाही, हे ठरविण्यास मुले तेथेच शिकतात.

लहान चित्र मोठे करावयाचे असेल तरीही चौकटच उपयोगी पडते. ६ × ४ सेंटिमीटरचे छोटे चित्र मोठ्या चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी जुळवून ठेवावे आणि त्या कोपऱ्यातून निघणारा त्याचा कर्ण पुढे वाढवावा. त्या कर्णावरील कोणत्याही बिंदूपासून खाली व डावीकडे काटकोनात रेघा काढल्या, की मूळ चित्राच्याच प्रमाणातील चौकट मिळते. २४ × १६ ची चौकट वर सांगितलेल्या आडव्या कागदात नेमकी मावते.

चौकटीने जागा ठरविण्याची ही रीत आपल्याकडे परकी नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत मजकुराच्या दोन्ही बाजूंस उभ्या तांबड्या रेघा आखलेल्या आढळतात. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. नक्षीच्या पट्ट्यांनी बांधलेल्या त्या चौकात पालघट देवी असते, आणि नाचणारी माणसे, झाडे, पाखरे चौकाच्या बाहेर. देवीची जागा कोणती व इतरांची कोणती, हे ती चौकट सांगते. १९७० नंतरच्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रे कागदावर व कापडावर आणली. कुडाच्या भिंतीवर हात लांबवावयास जागा असते, कागद मात्र चार बोटांवर संपतो. तेथे कडेचा विचार आधीच करावा लागतो.

काही वर्गांत चौकटीचा भलताच अर्थ केला जातो. दोन-दोन तास मुले पट्टीत वेलबुट्टी भरतात, आणि आतला कागद कोराच राहतो. वेलबुट्टी हा स्वतंत्र पाठ आहे. तो वेगळ्या दिवशी घ्यावा. तसेच पहिली-दुसरीच्या मुलांवर चौकट लादू नये. त्या वयाचे मूल कागदावर हिंडत असते, त्याला हिंडू द्यावे. पाचवीतील एखाद्या मुलाने झेप घेणाऱ्या घोड्याचा पाय जाणूनबुजून चौकटीबाहेर काढला, तर तो खोडावयास लावू नये. कड कोठे आहे हे ओळखूनच त्याने ती ओलांडली आहे.

कागदाची टंचाई असेल तेथे पाठकोऱ्या कागदावर आगपेटीएवढ्या तीन-चार चौकटी काढून घ्याव्या व त्यांत बैल निरनिराळ्या ठिकाणी नुसत्या दहा-बारा रेघांत मांडून पाहावा. त्यांतील जी मांडणी मुलास आवडेल ती मोठ्या कागदावर घ्यावी. आणि त्या पहिल्या दिवशी ज्याचा बैल अर्धाच राहिला, त्याचा कागद टाकून देऊ नये. त्याच्या कडेला तेवढाच दुसरा पाठकोरा कागद खळीने चिकटवावा, दोन्ही कागदांभोवती मिळून एक चौकट आखावी, आणि मागचे दोन पाय व शेपूट त्याच मुलाकडून पुरे करून घ्यावे.