सातचा भोंगा

टीव्ही कमी पाहायचा, हे ठरवणे सोपे. एका खोलीच्या बिऱ्हाडात ते पाळणे कठीण. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिथे एकाने टीव्ही लावला की तो सगळ्यांनीच लावल्यासारखा होतो. सासूबाई मालिका पाहतात, सून तिथेच खाली बसून मेथी निवडते, नातू कॉटवर मांडी घालून गणिताची वही धरतो आणि दर दोन ओळींनी मान वर करतो. पाहणारे एकच माणूस, पण अर्धा तास तिघांचा जातो. लालबाग-परळमध्ये काय किंवा गिरगावच्या चाळींत काय, हा प्रश्न एकट्याच्या निग्रहाने सुटत नाही. सगळ्या घराची वेळ बसवावी लागते.

गिरणगावाला वेळ बाहेरून ठरवून मिळण्याची सवय जुनी आहे. भोंगा झाला की पाळी बदलायची आणि घरातले जेवणखाण, झोपही त्यावरच चालायची. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काळात एकेक भोंगा कायमचा गप्प झाला. त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला.

मुंबई दूरदर्शन त्याआधी दहा वर्षे, 2 ऑक्टोबर 1972 ला, वरळीहून सुरू झाले होते. सुरुवातीला अख्ख्या मजल्यावर एखाद्याच घरी संच असायचा आणि रविवारच्या सिनेमाला शेजारची पोरे त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत दाटीने बसायची. रात्रीचे कार्यक्रम संपले की पडदाही बंद व्हायचा. ‘साप्ताहिकी’त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम आधीच सांगितले जात, त्यामुळे काय पाहायचे आणि काय सोडायचे हे घरात आधी ठरवता येई. 1992 मध्ये झी आणि 1999 मध्ये अल्फा मराठी आल्यावर हळूहळू चोवीस तासांचा रतीब सुरू झाला. थांबायचे कुठे, हे आता प्रेक्षकानेच ठरवायचे होते. आणि ते काम त्याला फारसे जमलेले नाही.

हिशेब मांडला की डोळे उघडतात. अर्ध्या तासाची एक मालिका आठवड्यातून सहा दिवस पाहिली, तर वर्षाला दीडशेहून अधिक तास होतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली (नावात चार दिवस असूनही!) आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. म्हणजे किमान दीड हजार तास. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटे जाहिराती दाखवता येतात; नियम काटेकोर पाळला तरी त्या दीड हजारांपैकी तीनशे तास साबण, तेल आणि मसाल्यांचे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर पाहणीत सहा वर्षांवरील माणसांच्या दिवसाचा 11 टक्के वेळ प्रसारमाध्यमे, खेळ आणि विरंगुळ्यात जात असल्याचे दिसले. 2019 मध्ये हे प्रमाण 9.9 टक्के होते. 11 टक्के म्हणजे रोजचे सुमारे दोन तास अडतीस मिनिटे.

सगळेच पाहणे वाया जाते असे मात्र नाही. दिवसभर ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला त्या अर्ध्या तासात निदान टेकायला मिळते. घरात एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला बोलता आवाज हवा असतो. त्यांना उपदेश करणाऱ्याने आधी भाजी निवडायला बसावे. काट मारायची ती टीव्ही चालू आहे म्हणून होणाऱ्या पाहण्यावर: रात्रीचा भाग सकाळी पुन्हा, दर तासाला त्याच बातम्या, जेवताना सवयीने लावलेला एखादा चॅनेल. घरातल्यांनी रविवारी बसून आपली ‘साप्ताहिकी’ करावी आणि ठरलेल्या दोन-तीन कार्यक्रमांची कॅलेंडरवर खूण करावी. त्यापलीकडचे आपोआप गळते.

मोकळा झालेला वेळ कुठे घालवायचा, हेही आधी ठरलेले हवे. नाहीतर टीव्हीचा अर्धा तास मोबाईल खातो. मुंबईच्या रात्रशाळा भरतात त्या नेमक्या मालिकांच्या वेळेला. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. खोलीत जागा आणि शांतता नाही म्हणून चाळीतली पोरे वर्षानुवर्षे तिथे रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तक उघडून बसत आली. दूरदर्शनचा मनोरा आणि ही गल्ली, दोन्ही एकाच वरळीत.

सगळ्यांनी मिळून वेळ बसवल्याचे उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. करोनाच्या काळात मुलांना मोबाईलची सवय लागली, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हा उपक्रम सुरू केला. नुसत्या ठरावाने तो चालला नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक आणि आशा सेविका घरोघर फिरून आठवण करून देत. शेजारच्या घरातूनही मालिकेचा आवाज येत नसल्याने मुलांना अभ्यासाला बसवणे सोपे झाले. साडेआठला दुसरा भोंगा होतो आणि ज्याला पाहायचा तो टीव्ही लावतो.