पाटी कोरी नसते

"भौतिकशास्त्र आपल्यासाठी नाही," असे म्हणून आपल्यापैकी अनेकांनी दहावीनंतर कला शाखेची वाट धरली. हा दोष सर्वस्वी आपल्या बुद्धीचाच होता काय? मन ज्ञान कसे ग्रहण करते, याचा शोध घेणाऱ्या बोधनशास्त्राचे उत्तर निराळे आहे.

त्याचे पहिले सांगणे असे, की वर्गात येणाऱ्या मुलाच्या मनाची पाटी कोरी नसते. बैल थांबले की गाडी थांबते, हे शेतकऱ्याचे मूल लहानपणापासून पाहते. त्यावरून 'गती हवी तर सतत ओढ हवी' असा नियम ते स्वतःच बांधते. न्यूटनचा नियम याच्या नेमका उलट आहे. बाहेरचे बल नसेल, तर चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालतच राहील. गाडी थांबते ती घर्षणामुळे. मूल हा नियम पाठ करते, गुणही मिळवते; पण आतला जुना नियम जागचा हलत नाही.

हे केवळ खेड्यातच घडते असे नाही. वर उडवलेले नाणे वर जात असताना त्यावर कोणती बले असतात, असे अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेकांनी वरच्या दिशेने हाताचे बल दाखवले होते. वस्तुतः नाणे सुटताच ते बल संपते. हवेचा रोध सोडला, तर उरते केवळ गुरुत्वाकर्षण.

दुसरा अडथळा भाषेचा. मन एका वेळी थोड्याच गोष्टी पेलू शकते. 'त्वरण', 'संवेग' यांचा अर्थ लावण्यातच शक्ती खर्ची पडली, तर विचाराला काय उरणार? १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या प्रश्नाचा अभ्यास केला. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तेव्हा मुलांचे आकलन सुधारले.

ज्या घरात समजावून सांगणारे कोणी शिकलेले नाही (माझे घर त्यांतलेच), तेथील मुलाचा गोंधळ शाळेत सुटला नाही, तर तो कायमचाच राहतो. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी एवढेच विचारावे : "गाडी का थांबते?" मुलांना आपसांत वाद घालू द्यावा आणि चुकलेले उत्तरही हसण्यावारी नेऊ नये. खरा धडा तेथूनच सुरू होतो.