मोटारींच्या पेढीवरील नंदभाषा

जुन्या काळीं पेठेंतील दलाल गिऱ्हाइकासमोरच आपसांत भाव ठरवीत. पण गिऱ्हाइकास त्याचा पत्ता लागत नसे. 'केवली' म्हणजे एक, 'आवारू' म्हणजे दोन, 'मुळू' म्हणजे पांच, अशी ती नंदभाषा. ती आतां लोपली, असा आमचा समज होता. परवां पुतण्यासाठीं मोटार पाहावयास जालना रस्त्यावरील एका पेढींत गेलों, तेव्हां तो समज दूर झाला.

आमच्या शहरास मोटारींची हौस मोठी. हें छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद म्हणविलें जात असतांना, २०१० च्या ऑक्टोबरांत, येथील मंडळींनीं एकाच दिवशीं सुमारें ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. आम्हांस मात्र साधीच गाडी हवी होती.

विक्रेता आमचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानें चहा मागविला, तोंच वरिष्ठानें मागून विचारलें, "हॉट कीं वॉर्म?" आम्ही म्हणालों, "गरमच बरा!" मुलास हंसूं आवरेना. मग त्यानें उलगडा केला: लौकर घेणारा गिऱ्हाईक 'हॉट', विचारांत पडलेला 'वॉर्म', लांबणीवर टाकणारा 'कोल्ड' आणि दुसरीकडे गेलेला 'लॉस्ट'. गाडी चालवून पाहणें म्हणजे 'टीडी'. ती हातीं देण्यापूर्वींची तपासणी म्हणजे 'पीडीआय'.

हे शब्द निरुपद्रवी होत. कळले असें वाटतें, तेच शब्द घातक. 'एक्स-शोरूम' किंमत पेढीच्या दारापुरती. तींत कर, नोंदणी व विमा मिळविला म्हणजे 'ऑन रोड' किंमत होते. 'लहान हप्ता' पुष्कळदां मुदत लांबवूनच लहान केलेला असतो. व्याज मात्र वाढतें. विमाही त्याच पेढींतून घेतला पाहिजे असें नाहीं. म्हणून वडील माणसांनीं एकच प्रश्न पुसावा: शेवटच्या हप्त्यापर्यंत एकंदर किती रुपये जाणार?

आम्हीं तो पुसला. महिनाअखेर होती, त्या मुलाचें 'टार्गेट' पुरें व्हावयास दोन गाड्या कमी होत्या. तरीही त्यानें कागदावर सारी बेरीज मांडली आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, यांच्या पगारांत हें ओझें होईल. वर्षभर थांबावें."

"मग तुझ्या वहींत आम्ही आतां 'लॉस्ट' ना?"

"छे, गुरुजी! 'कोल्ड'."

पुढील वर्षीं गाडी त्याच्याकडूनच घ्यावयाची, असें आमच्या घरीं ठरलें आहे.