असं का होतं? : पंखा फिरतो, पडदा काळा

वाशी-ऐरोलीतला पावसाळा. घरातला जुना डेस्कटॉप सुरू केला. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडद्यावर फक्त 'नो सिग्नल'.

दोष लगेच मॉनिटरवर जातो. पण ती अक्षरं मॉनिटरच तर दाखवतोय! तो बहुधा शाबूत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. मागची केबल काढून घट्ट बसवा. तरीही काळोख? मग रॅमकडे वळा.

सुरू होताच संगणक आधी स्वतःची तपासणी करतो. पडद्यावर काही उमटण्याआधीच रॅमची हजेरी घेतली जाते. ती 'हजर' म्हणाली नाही, तर गाडी तिथंच अडते. कधी नुसते बीप ऐकू येतात.

रॅमच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. सोनं गंजत नाही, पण हा मुलामा फारच पातळ, त्याखाली निकेल. वर्षानुवर्षं तापून-निवून पट्ट्या खाचेत कणभर सरकतात, घासल्या जातात. त्यात धूळ आणि ठाणे खाडीवरची दमट, खारी हवा. सेल नवा असूनही टोकावर पुट चढलं की टॉर्च लागत नाही, तसंच हे.

प्लग काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. रॅम खाचेतून काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलकेच पुसा. खोडरबरानंही काम होतं, पण जोर लावला तर मुलामाच निघतो. मी ते टाळते. वाळल्यावर रॅम 'टक्' होईपर्यंत दाबा. दोन असतील तर एकेक लावून पाहा, रुसलेली कोण ते कळेल.