इफ्तारला किती किलो मटण घालायचं?

रमजानचा पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस सरले की घराघरांत दावतीचं बोलणं सुरू होतं. नेहरूनगर असो, कुदळवाडी असो की चाकण, प्रश्न एकच. माणसं किती आणि मटण किती? मटण महाग झालंय. कमी पडलं तर घराची शोभा जाते आणि उरलं तर जीव हळहळतो. त्यामुळे ‘असू द्या दोन किलो जास्त’ म्हणणं आता परवडत नाही.

गावजत्रेला पाहुण्यांसाठी मटणाचा बेत करणाऱ्या मावळ-खेडच्या मंडळींना हा हिशेब नवा नाही. तरी इफ्तारची पंगत जत्रेपेक्षा वेगळी असते. दिवसभराचा रोजा असला तरी माणूस आधी खजूर, फळं, भजी आणि सरबत घेतो. मग मगरिबची नमाज होते आणि त्यानंतर जेवण. तोवर अर्धं पोट भरलेलं असतं. म्हणून रोजेदार भुकेलेला आहे असं धरून मटण वाढवू नये.

आता आकडे पाहू. हाडासह एक किलो मटणाचे साधारण पन्नास ग्रॅमचे वीस तुकडे होतात. त्यातलं हाड गेलं आणि शिजताना पाणी सुटलं की खाण्याजोगं मांस निम्म्याच्या आसपास उरतं. बिर्याणीसाठी माणशी तीन तुकडे म्हणजे दीडशे ग्रॅम मटण आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम तांदूळ पुरतो. भाकरीबरोबर रस्सा हाच मुख्य पदार्थ असेल तर माणशी दोनशे ग्रॅम धरा. खिम्यात हाड नसतं, तिथे शंभर-सव्वाशे ग्रॅम भरपूर झाला. खिचडा केलात तर गहू आणि डाळी मटणाला हात देतात. एक किलो बिनहाडाच्या मटणात बाराएक माणसं सहज जेवतात. दोन पदार्थ असतील तर दोन्हींचा पूर्ण हिशेब लावायचा नाही. दुसऱ्याला निम्माच धरायचा.

तीस जणांची दावत धरा. त्यात सहा लहान मुलं आहेत आणि चौघे मटण न खाणारे. उरले वीस मोठे. सहा मुलं म्हणजे तीन मोठी माणसं. एकूण तेवीस. बिर्याणीला साडेतीन किलो मटण, अडीच किलो तांदूळ. अचानक येणाऱ्यांसाठी अर्धा किलो वर. चार किलोत काम भागतं. ‘तीस माणसं, पाव-पाव किलो’ असा सरसकट हिशेब केला असता तर साडेसात किलो आणावं लागलं असतं.

या चौघांचं मात्र नीट पाहायला हवं. आपलं गाव देहू आणि आळंदीच्या मधलं. शेजारी माळकरी असतात, कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, मध्येच एकादशी किंवा संकष्टी येते. आमंत्रण देतानाच विचारावं, ‘काकू, त्या दिवशी तुमचा वार नाही ना?’ शाकाहारी पदार्थ आधी आणि वेगळ्या भांड्यात करावेत, त्याचा डावही वेगळा असावा. आणि ते चौघांपुरते नकोत, दहा-बारा जणांचे करावेत. कारण भाजी-पुलाव रोजेदारही आवडीनं घेतात, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याच ताटाला कमी पडतं.

या पट्ट्यात आणखी एक पाहुणा असतो, दुसऱ्या पाळीचा. भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या कारखान्यात त्याचा रोजा खजूर-पाण्यावर सुटतो आणि तो मध्यरात्री घरी येतो. त्याला यादीत धरावं. पातेलं उघडल्याबरोबर, वाढायला सुरुवात करण्याआधी त्याचा डबा काढावा. शेवटी तळाचा भात आणि हाडं काढून ठेवली तर तो काही पाहुणचार नव्हे. शिजलेलं मटण दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये, उकाड्यात त्याहूनही कमी. डबा कोमट झाला की फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करावा.

दोघांचं जेवण तिघांना पुरतं, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. रस्सा करताना पाणी थोडं जास्त घाला आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, अशीही शिकवण आहे. कुरआननं खाण्यापिण्यातल्या उधळपट्टीला मनाई केली आहे. बरकत किलोत मोजत नाहीत, हे खरं. पण आधी मोजून आणलं तर वाढताना हात आखडत नाही, आणि वाचलेल्या पैशांत आणखी एखाद्या घरी ईदचा शिधा पोचतो.

तेव्हा कसायाकडे जाण्याआधी कागद घ्या. मोठे, लहान, न खाणारे, पाळीवाले अशी चार नावं लिहा आणि प्रत्येकापुढे आकडा टाका. किलोचा आकडा त्यानंतर ठरवा.