गाडी चालवणाऱ्याची की बसणाऱ्यांची?

दोन वर्षांपूर्वी वर्कशॉप मुलाच्या हाती सोपवलं आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच घरातले सगळे एका सुरात म्हणाले, "आता स्वतःसाठी काहीतरी घ्या." उद्यमबागेत लेथसमोर उभं राहून ज्याचे केस पिकले, त्याला स्वतःसाठी काय हवं असणार? चांगली गाडी! १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास तयार होऊ लागली. त्याच सुमारास कामानिमित्त पुण्याला गेलो असताना सिग्नलवर ती शेजारी येऊन उभी राहिली होती. मी स्कूटरवर. सिग्नल हिरवा झाला, ती आवाज न करता निघून गेली आणि मागचा रिक्षावाला ओरडेपर्यंत मी तिथंच! तेव्हापासून हे खूळ डोक्यात होतं.

आमची सौ. म्हणाली, "घ्या की हो, कुणी अडवलंय? पण चालवणार तुम्ही एकटे, बसणार आम्ही तिघी." तिघी म्हणजे ती, सूनबाई आणि माझी एक्क्याऐंशी वर्षांची आई. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि तपासणीसाठी तिला दर तीन-चार महिन्यांनी पुण्याला न्यावं लागतं. सौ.चं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

नवी करकरीत घेण्याइतकी ऐपत नव्हती. दोन-तीन वर्षं वापरलेली घ्यायची, पण घाई न करता, चालवून, खालून-वरून बघून, असं ठरवलं. हाती होती ती पस्तीस वर्षांच्या घामाची रक्कम. चुकलो असतो तर पुन्हा कमवायचं वय नव्हतं.

पहिली चालवली ती कोल्हापूरच्या मित्राची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज. तो म्हणाला, "मर्दा, बस की, नुसतं बघत काय उभारलाईस?" पन्हाळ्याच्या रस्त्यानं वाघबीळची वळणं सुरू झाली आणि वाचकहो, खरं सांगतो, मी साठीला आलोय हे विसरलो. या गाडीत इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेनं बसवलेलं आणि ओढ मागच्या चाकांना. पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात. गाडीचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं पडतं. आम्ही फिरणाऱ्या जॉबचा तोल साधण्यात जन्म घालवला, त्यामुळे तोल साधलेली वस्तू हाताला लगेच कळते. स्टिअरिंग जरा फिरवावं आणि गाडीनं मनातलं ओळखून वळावं, असं ते होतं. एक मात्र होतं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ती पाठीला मोजून दाखवत होती.

मग फोंड्याच्या मेव्हण्याची मर्सिडीज सी-क्लास. हिचीही ओढ मागच्याच चाकांना, पण स्वभाव निराळा. बीएमडब्ल्यू तुम्हाला सारखी डिवचत राहते, सी-क्लास म्हणते, सावकाश जाऊ, पोचायचंच आहे. आतली लाकडाची पट्टी, दार लागतानाचा तो भरीव आवाज, दोनशे किलोमीटरनंतरही न अवघडणारी पुढची सीट. मागं मात्र आईला बसवलं तेव्हा तिला पाय लांब करता येईनात आणि उतरताना दोघांनी धरावं लागलं. जर्मनांनी मूळ गाडी बेतली ती मालक स्वतः चालवतो असं धरून. आपल्याकडे मालक मागं बसतो, हे त्यांना उशिरा उमगलं. मर्सिडीजनं २०१७ साली भारतात लांब ई-क्लास आणली, तिच्या दोन चाकांमधलं अंतर मूळ गाडीपेक्षा १४० मिलिमीटरनं जास्त. बीएमडब्ल्यूनं २०२१ मध्ये थ्री सिरीजची ग्रॅन लिमोझिन काढली, ती ११० मिलिमीटरनं लांब. ऐकायला सव्वाचार ते साडेपाच इंच, पण ते सगळे गुडघ्यांच्या वाट्याला येतात.

ऑडी ए-फोरही पाहिली. काम देखणं, आतली जुळणी इतकी नेटकी की फटीत नख जात नाही. पाहिली ती पुढच्या चाकांच्या ओढीची होती, म्हणजे तीच चाकं ओढणार आणि वळणारही. शहरात काही जाणवत नाही, पण पन्हाळ्याहून आल्यावर मला ते जाणवलं. असो.

आता टिकाऊपणाचं. ही गोष्ट शोरूममधल्या वासावरून कळत नाही. जे. डी. पॉवर ही अमेरिकन संस्था दरवर्षी तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, ते काढते. २०२४ साली तिथली सरासरी १९० होती आणि सर्वांत कमी, १३५ तक्रारी लेक्ससच्या होत्या. आकडे तिकडच्या रस्त्यांचे आणि तिकडच्या मालकांचे, शिवाय त्यात सर्वाधिक कटकट इंजिनाची नसून पडद्यांची आणि फोन जोडण्याची असते, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

मला आकड्यांपेक्षा बांधणीतून जास्त कळतं. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या जुन्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे बसवलेली होती. तिच्या कुरबुरी गाजल्या. चेन खराब होणं एक वेळ समजू शकतो, पण ती बदलायला इंजिन खाली उतरवावं लागणं, हे कारखान्यात उभं राहिलेल्या माणसाला पटत नाही. पुढं आलेल्या बी-४७ इंजिनाचं नाव याहून बरं आहे. म्हणून जुनी बीएमडब्ल्यू बघणाऱ्यानं रंगाआधी इंजिनाचा नंबर विचारावा.

आणि मग चोर्ल्याचा तो प्रसंग घडला. पावसाळ्याचे दिवस. एका नातेवाइकाच्या युरोपियन गाडीतून आम्ही गोव्याहून परतत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही आणि टायर कडेनं फाटलं. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! तिच्या जागी एक छोटा पंप आणि फेसाची बाटली. खिळा लागला असता तर ती चालली असती, कडेची चीर ती काय बुजवणार? मोबाईलला रेंज नाही, धुकं उतरलेलं, मागच्या सीटवर आई पाय दुमडून. अडीच तासांनी जांबोटीकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं आम्हाला घेतलं. आई त्याच्या शेजारी ऐसपैस बसली आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या बाबांच्या ॲम्बॅसॅडरला पाचवं चाक होतं." त्यावर मी काय बोलणार?

त्या रात्री सौ.चं ते "बसणार आम्ही तिघी" पुन्हा आठवलं.

तरीही मी कोल्हापूरच्या एका वापरलेल्या थ्री सिरीजवर जीव टाकून होतो, हे कबूल करायला हवं. किंमतही ठीक होती. पण आपण सीमेवरची माणसं. एमएच-०९ ची गाडी निपाणी ओलांडून आली की पाहुणी, आणि बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिला इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडचा ना-हरकत दाखला, इकडचा आजीवन कर, आणि तिकडं भरलेला कर परत मिळवायचे हेलपाटे. कर्नाटकात वीस लाखांवरच्या नव्या गाडीला हा कर १८ टक्के आणि वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी मी हिशेब मांडला तेव्हा स्वस्त वाटलेली गाडी स्वस्त राहिली नाही. पुण्या-कोल्हापूरच्या भावावर भाळून बयाणा देणाऱ्यांनी हे आधी मांडून बघावं. शिवाय जर्मन गाडीचं मोठं काम निघालं की आपल्याकडची माणसं पुणे, गोवा नाहीतर बंगळूर गाठतात.

शेवटी घेतली ती टोयोटा कॅमरी हायब्रिड. २०२२ चं मॉडेल, कर्नाटकातच नोंदलेली, बिडदीला तयार झालेली. हिला आलिशान म्हणावं का, यावर मित्रमंडळींत वाद झाला. लेक्सस ईएस हिचीच श्रीमंत बहीण, अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर ही जोडी दोघींत सारखी, आणि तीही बिडदीलाच जुळवली जाते. मला पटली ती हिची आतली रचना. नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. मधे एक सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रं आणि बाहेर कडं, एवढ्यावर इंजिन आणि मोटर यांची सांगड. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही. जो भाग बसवलेलाच नाही तो बिघडत नाही, हे आमच्या धंद्यातलं जुनं गणित. बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला हवा घेणारी जाळी तिथंच, ती पिशव्या ठेवून झाकू नये आणि धूळ साफ करत राहावी, एवढं पथ्य. टोयोटाचं वर्कशॉप गावातच आहे. आणि हो, पैसे देण्याआधी डिकीची चटई उचलून स्टेपनी हात लावून बघितली.

चालवायला? खोटं कशाला बोलू. घाटात जोरात दाबली की इंजिन आधी गुरगुरतं आणि वेग मागून येतो. वळणावर ती नाक बाहेर काढते, वाघबीळची मजा इथं नाही. ॲव्हरेज मात्र मला पुण्याच्या फेरीत अठरा-एकोणीसचं मिळतं.

समाधान ज्याचं त्याचं असतं. २०१० साली औरंगाबादकरांनी एकजुटीनं एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, तेव्हा देशभर बातमी झाली. त्यातल्या कितीजणांनी स्टिअरिंगच्या चवीसाठी घेतली असेल? "आम्हीही घेऊ शकतो" हे दाखवण्यातलं समाधान वेगळं, आणि त्याला मी कमी लेखत नाही. सिग्नलवर स्कूटरवर उभं राहिलेल्याला ते कळतं.

गेल्या महिन्यात आईला घेऊन पुण्याला गेलो. पूर्वी संकेश्वरपर्यंतच "अजून किती?" सुरू व्हायचं. या खेपेला तवंदीचा घाट उतरलो तरी मागून आवाज नाही म्हणून आरशात बघितलं, तर आई पाय लांब करून गाढ झोपलेली. सौ. काहीच बोलली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

परवा एकटाच कोल्हापूरला गेलो होतो. मित्राकडून किल्ली मागून घेतली आणि वाघबीळपर्यंत जाऊन आलो. घरी सांगितलेलं नाही. हा अंक आमच्या घरी येतो, हे मात्र आत्ता लिहिताना ध्यानात आलं.